उजवा अठ्ठेचाळीस, डावा छत्तीस

मला धाप लागायला लागली तेव्हा तीन जणांनी सांगितलं, ‘गॅस असेल.’ पहिले आमच्या कोपऱ्यावरच्या क्लिनिकमधले डॉक्टर, दुसरा माझा नवरा अनिल आणि तिसरी मी स्वतः. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. तिघांनाही तसंच असावं असं मनापासून वाटत होतं, एवढंच.

हे लिहायला बसले ते सहानुभूतीसाठी नाही. ती मला पोटभर मिळाली, आणि तिचा थोडा कंटाळाही आला. तुमच्यापैकी कुणाला जिना चढताना अचानक श्वास पुरेनासा झाला आणि समोरच्यानं ‘टेन्शन घेऊ नका’ म्हटलं, तर त्या दिवशी तुमच्या हाताशी कुणाचा तरी अनुभव असावा, म्हणून लिहितेय.

मी सुनंदा. वय सत्तेचाळीस. माहेर इचलकरंजी. बारा वर्षांपूर्वी अनिलची बदली झाली आणि आम्ही चेन्नईला आलो. दोन वर्षांत परत जायचं म्हणून आलो होतो, ते राहिलोच. वेस्ट मांबलमला लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. मुलगी रेवा इथंच कॉलेजात शिकते. ती मराठीत भांडण सुरू करते आणि तमिळमध्ये संपवते. मी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. गाड्यांच्या ब्रेकचे सिलेंडर बनतात तिथं. त्यांच्या आतल्या भोकाचा व्यास मोजायचा, मापात बसला तर पुढं पाठवायचा, नाही बसला तर लाल पेटीत टाकायचा, हे माझं काम. बाई, मशीन आणि केसाएवढी चूक यांच्यात माझी वीस वर्षं गेली आहेत.

पाय

सुरुवात पायापासून झाली. कंपनीच्या बसमधून उतरताना डावा घोटा मुरगळला, हाडाला चीर गेली, गुडघ्याखाली प्लास्टर बसलं. पाच आठवडे घरी. मी आयुष्यात इतकी कधीच बसले नव्हते. त्यातच पाळीचा त्रास वाढला होता, रक्तस्राव थांबावा म्हणून गोळ्या चालू होत्या.

प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी सुजलेली होती आणि दाबली की आतून दुखायची. सगळे म्हणाले, प्लास्टरनंतर असं होतंच. मीही तेच म्हणाले. उजव्या पायाशेजारी ठेवून बघितलं असतं तर फरक डोळ्याला दिसला असता. दुसऱ्यांच्या वस्तू मायक्रॉनमध्ये मोजणारी मी, स्वतःच्या पायाला साधी टेप लावली नाही.

आठवड्यानं धाप सुरू झाली. भाजी घेऊन येताना पहिल्या मजल्यावर थांबावं लागलं. मग अंघोळ करून बाहेर आल्यावर पलंगावर टेकावं लागलं. छातीत उजवीकडे, खोल श्वास घेतला की सुईसारखं टोचायचं. क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, वय विचारलं.

“घरात काही टेन्शन?”

“नाही.”

“या वयात होतं असं, मॅडम. गॅस वर चढतो, मन घाबरतं, मग श्वास लागतो.”

गोळ्या घेऊन घरी आले. खरं सांगायचं तर मीही त्यांना पोटरीबद्दल बोलले नाही, पाळीच्या गोळ्यांबद्दलही नाही. छातीचं दुखणं दाखवायला गेलेल्या बाईला पाय दाखवायचं सुचत नाही. पण विचारणं त्यांचं काम होतं. हे मी आजही म्हणते.

चार दिवस गोळ्या घेतल्या. घरात फेऱ्या मारताना भिंतीला हात लागायला लागला. अनिल म्हणायचा, “प्राणायाम कर थोडा.” मी करायला बसायचे. श्वास आत घ्यायलाच जागा नसायची.

पद्माबाई

शेजारच्या पद्माबाईंचं वय त्र्याहत्तर. पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं तंजावरचं मराठी, कित्येक पिढ्या इकडचेच. त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा जुनी, आणि तिला तमिळची चाल. पहिल्या वर्षी आम्ही दोघी एकमेकींना चोरून हसायचो. आता हसायचं राहून गेलंय, कारण माझीच भाषा त्यांच्यासारखी व्हायला लागलीय.

त्या सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास त्या ताक घेऊन आल्या. अनिल ऑफिसला गेला होता, रेवा कॉलेजला. मी दार उघडलं आणि खुर्चीत बसले.

“काय झालं ग?”

“काही नाही… गॅस… झालाय… जरा.”

त्यांनी ताक ओट्यावर ठेवलं, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुझं पूर्ण नांव, नवऱ्याचं नांव, गांवाचं नांव. एका श्वासांत सांग.”

मी स्वतःच्या नावापर्यंत पोचले. अनिलचं नाव घेताना थांबावं लागलं. इचलकरंजी राहिलीच.

“हे सरी नाही,” त्या म्हणाल्या. सरी नाही, म्हणजे ठीक नाही. “ऊठ. चप्पल घाल.”

“संध्याकाळी अनिल आला की…”

“संध्याकाळपर्यंत कोण थांबलं अहे?”

खाली उतरायला मला किती वेळ लागला आठवत नाही. रिक्षात त्यांनी अनिलला फोन केला. त्याचं ऑफिस अण्णा नगरला, विम्याच्या यादीतलं हॉस्पिटलही तिथलंच, तिकडेच निघालो. रस्ताभर त्या माझा हात धरून बसल्या होत्या, आणि माझ्याशी नाही, रिक्षावाल्याशी भांडत होत्या.

हॉस्पिटलच्या काउंटरवर एका मुलीनं फॉर्म पुढं केला आणि बसायला सांगितलं. पद्माबाईंनी फॉर्म घेतला. मग तमिळमध्ये, पोस्टाच्या खिडकीत चाळीस वर्षं कमावलेल्या आवाजात म्हणाल्या, “फॉर्म मी भरते. मला वेळ आहे. हिला नाही. हिला आत घ्या.”

मला आत घेतलं.

‘उठू नका’

बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशी. नाडी एकशे अठरा. तातडीच्या विभागात डॉक्टर निर्मला म्हणून होत्या, पस्तिशीच्या, डोळ्यांखाली काळं, बोलणं भराभर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पायाबद्दल.

“गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुठं प्लास्टर, ऑपरेशन, लांबचा प्रवास?”

मी डावा पाय पुढं केला. त्यांनी दोन्ही पोटऱ्यांना टेप लावली. डावी तीन सेंटिमीटर जास्त. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला, तो फक्त मोजमापाच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

“हॉर्मोनच्या गोळ्या?”

“चालू आहेत.”

“छातीचा सीटी. आत्ता.”

सीटीचं यंत्र म्हणजे मोठं कडं असतं आणि आपण त्यात सरकतो. शिरेतून औषध सोडतात, त्यानं रक्तवाहिन्या चित्रात उजळून दिसतात. टेक्निशियननं आधीच सांगितलं होतं, “अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, होत नाही, घाबरू नका.” तसंच झालं. घशापासून ओटीपोटापर्यंत ऊन पाणी ओतल्यासारखं. यंत्रातला आवाज म्हणाला, श्वास धरा. मी मनात म्हटलं, असेल तर धरेन.

सगळं मिळून पाच-सात मिनिटांचं काम. आधीच्या पेशंटला टेक्निशियन म्हणाला होता, “झालं सर, उतरा सावकाश.” मीही उतरायला लागले तसा तो काचेमागून धावत आला.

“मॅडम, उठू नका. हलू नका. आम्ही उचलतो.”

मला आजार तेव्हा कळला. नाव कळलं नव्हतं. पण काचेपलीकडे त्यानं काहीतरी बघितलं आणि त्याचा आवाज बदलला, एवढं पुरे होतं.

मापं

अनिल आला होता. डॉक्टर निर्मला त्याला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात बोलत होत्या. मला पडद्याच्या फटीतून त्याचा चेहरा दिसत होता. तो मान हलवत होता आणि हातातल्या रुमालाची घडी घालत होता, परत उघडत होता.

मी ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला. “डॉक्टर. इकडं या. माझ्याशी बोला.”

“मॅडम, तुम्ही आराम करा, मी साहेबांना सगळं…”

“फुप्फुस त्याचं आहे का?”

त्या थांबल्या. मग आल्या, स्टूल ओढून माझ्या डोळ्यांच्या रेषेत बसल्या. एवढं फार थोडे डॉक्टर करतात.

त्यांनी इंग्रजी-तमिळमध्ये सांगितलं ते असं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. तिचे तुकडे सुटून दोन्ही फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत अडकले आहेत. हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसाकडे ढकलते. पुढची वाट अडली, की ती बाजू ताणली जाते.

“आणि माझी?”

“ताणली गेली आहे.”

“किती?”

त्यांनी अनिलकडे बघितलं. तो म्हणाला, “सुनंदा, आत्ता नको ना हे.”

“किती, डॉक्टर? मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. ‘ताणली गेली आहे’ असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं तर माझा मॅनेजर कागद परत पाठवेल.”

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. चाकांवरचा कॉम्प्युटर ओढून आणला आणि माझा सीटी उघडला. करडं, काळं, पांढरं. माझी छाती आडवी कापून वरून बघावं तशी. त्यांनी बोट ठेवलं.

“हा डावा कप्पा. हा उजवा. या चित्रात नेहमी उजवा लहान दिसतो. तुमचा बघा.”

मला समजवायची गरज नव्हती. उजवा फुगून डाव्यावर रेलला होता. दोघांच्या मधली भिंत उजवीकडे फुगीर हवी, ती सपाट होऊन डावीकडे झुकली होती. त्यांनी कर्सरनं एक रेघ मारली, मग दुसरी. पडद्यावर आकडे आले. उजवा अठ्ठेचाळीस मिलिमीटर, डावा छत्तीस.

“अठ्ठेचाळीस भागिले छत्तीस,” मी म्हणाले. “एक पूर्णांक तेहतीस शतांश. किती हवं?”

“साधारण एकच्या खाली.”

“म्हणजे रिजेक्ट. आमच्याकडे लाल पेटीत जातं.”

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “दुरुस्तीला घेतलेला. आम्ही लाल पेटी ठेवत नाही.”

पुढं त्यांनी नीट समजावलं, आणि हे समजणं माझ्या फार कामाला आलं. सीटी गाठ शोधायला केला होता, पण त्याच चित्रांत हृदयाची अवस्थाही दिसली, त्यामुळे वेळ वाचला. यकृताच्या शिरांत सीटीचं औषध उलटं गेलेलं दिसत होतं. हृदयावर दाब असल्याची ती आणखी एक खूण. पण चित्र एका क्षणाचं असतं. हृदय प्रत्यक्ष कसं हलतंय ते बघायला एको करणार होत्या, हृदयाला मार बसलाय का ते रक्तात बघणार होत्या. रक्तदाब सध्या धरून होता. तो धरून आहे तोवर रक्त पातळ करायचं औषध. घसरला आणि घसरलेलाच राहिला, तर गाठ विरघळवणारं जोरदार इंजेक्शन.

“ते आत्ताच का देत नाही?” अनिलनं विचारलं. पुण्याहून त्याच्या भावानं फोनवर तेच सांगितलं होतं, सगळ्यात जोरदार असेल ते द्यायला लावा.

“कारण त्यानं दुसरीकडे रक्तस्राव होऊ शकतो. डोक्यातसुद्धा. यांना तर पाळीचा त्रासही आहे. गरज पडली तर एक मिनिट थांबणार नाही. गरज नसताना देणार नाही.”

अनिल माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला इतका लहान झालेला बघितला नव्हता.

“तुझं काय मत?” त्यानं मला विचारलं. त्याच्याकडून त्या दिवशी मला मिळालेली ती सगळ्यात चांगली गोष्ट.

“माझा रक्तदाब पडणार नाही,” मी म्हणाले. जणू ते माझ्या हातात होतं.

माझी चूक

आयसीयूत पहाटे पाचला दिवस सुरू होतो. रक्त काढतात, अंग पुसतात, चादर बदलतात, मग मीठ कमी असलेली इडली येते, जिची चव चघळलेल्या कागदासारखी असते. दर तासाला दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा आवळतो. शेजारच्या खाटेवरचे आजोबा प्रत्येक इंजेक्शनला मुरुगनचं नाव घ्यायचे आणि इंजेक्शन झालं की नर्सला शिवी द्यायचे.

माझी नर्स स्टेला. तिशीतली, दंडानं मजबूत. ती मला अक्का म्हणायची आणि हलू द्यायची नाही. संडासाला भांडं. पाळी आलेली, औषधानं रक्त पातळ झालेलं, त्यामुळे स्राव दुप्पट. परक्या बाईनं दिवसातून चार वेळा मला पुसायचं. मरणाची भीती मला तितकी वाटली नाही जितकी त्याची लाज वाटली. हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, पुरे. ऑक्सिजनवर आकडा त्र्याण्णव दिसत होता, मला बरं वाटत होतं, बाथरूम सहा पावलांवर होतं. स्टेला आजोबांकडे वळली तशी मी नळी काढली, पाय खाली सोडले आणि उभी राहिले. एक पाऊल. दोन. तिसऱ्याला कानात भोंगा वाजला आणि सगळं पांढरं झालं.

डोळे उघडले तेव्हा मी खाटेवर होते आणि स्टेलाचा श्वास माझ्यापेक्षा जास्त लागला होता. तिनं मला पडता पडता झेललं होतं. पट्ट्यावर आकडा चौऱ्याऐंशी. ट्रॉली ओढल्याचा आवाज. डॉक्टर निर्मला धावत आलेल्या. कुणीतरी ते जोरदार इंजेक्शन काढून ट्रेमध्ये ठेवलं. मला ती काचेची बाटली दिसत होती.

“थांबा,” डॉक्टर म्हणाल्या. “ऑक्सिजन वाढवा. परत घ्या.”

पट्टा आवळला. अठ्ठ्याऐंशी. परत आवळला. शहाण्णव. मी त्या आकड्याकडे बघत होते आणि रेवाचा विचार करत होते. आदल्या दिवशी ती भेटायला आली तेव्हा मी तिला ‘कॉलेज बुडवू नकोस’ म्हणून पाच मिनिटांत हाकललं होतं. तिला नीट जवळसुद्धा घेतलं नव्हतं.

एकशे चार.

बाटली परत आत गेली. डॉक्टर निर्मलांनी सगळ्यांना जायला सांगितलं आणि माझ्या कानाशी वाकल्या. आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला.

“काल तुम्ही मला म्हणालात, माझ्याशी बोला. मी बोलले. मापं दाखवली. दाखवली की नाही? मग ती समजून घ्यायची. तुमचा उजवा कप्पा कसाबसा रक्त पुढं ढकलतोय. तुम्ही उठलात आणि त्याच्यावर आणखी ओझं टाकलंत. लढायचंय ना? मग पडून लढा.”

मी आयुष्यभर हट्टानं जगले. इचलकरंजीत लेथच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून बसले, इथं तमिळ येत नसताना शॉप फ्लोअरवर उभी राहिले. प्रत्येक वेळी उठून उभं राहणं हाच माझा हट्ट होता. पडून राहणं हासुद्धा हट्ट असू शकतो, हे त्या दिवशी शिकले, आणि शिकताना एका नर्सची कंबर लचकवली.

स्टेलाची मी माफी मागितली. ती म्हणाली, “अक्का, माझ्या सासूपेक्षा तुम्ही बऱ्या. ती माफी मागत नाही.” मग दुपारी तिनं खाटेवरच माझे केस धुतले. डोक्याखाली प्लास्टिकचा कागद, बादली, कोमट पाणी. तिची बोटं फिरत होती आणि मी रडत होते. ती तशीच पाणी ओतत राहिली. तेवढ्यासाठी मी तिला आयुष्यभर विसरणार नाही.

त्या संध्याकाळी रेवा आली. मी हात पसरले. ती खाटेच्या कठड्यावरून अर्धी आत आली आणि म्हणाली, “आई, तू परत असं केलंस ना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही, प्रॉमिस.” पूर्ण वाक्य मराठीत. म्हणजे फारच घाबरली होती.

घर

नऊ दिवसांनी घरी आले. पद्माबाईंनी रसम करून ठेवलं होतं. जिना चढायला मला अठरा मिनिटं लागली. अनिल मागून, पडले तर धरायला हात पसरून, एकेक पायरी.

पहिला आठवडा ते पसरलेले हात बरे वाटले. तिसऱ्या आठवड्यात नको झाले. मी झोपले की तो माझा श्वास बघत बसायचा. मी बाथरूममध्ये गेले की दाराबाहेर उभा. ऑफिसमधून तासाला फोन. माझ्या हातातून चाकू काढून घ्यायचा, रक्त पातळ आहे म्हणून. रेवाला त्यानं मित्रमैत्रिणींबरोबर पुदुच्चेरीला जाऊ दिलं नाही. शेवटी एक दिवस त्यानं जेवताना जाहीर केलं की आपण इचलकरंजीला परत जाऊ.

“का?”

“तिथं आपली माणसं आहेत.”

“इथं मला रिक्षात घालून कुणी नेलं?”

त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

“इचलकरंजीत फुप्फुसं वेगळी मिळतात का, अनिल?”

“तुला चेष्टा सुचतेय,” तो ओरडला. लग्नानंतर बहुधा दुसऱ्यांदा. “प्राणायाम कर म्हणालो होतो मी तुला! चार दिवस! तू माझ्यासमोर मरत होतीस आणि मी तुला श्वास मोजायला सांगत होतो!”

तर हे होतं ते. फोन, चाकू, पुदुच्चेरी, इचलकरंजी, सगळ्यांच्या तळाशी हे होतं. मी उठून त्याच्या शेजारी बसले. “मीही तेच म्हणत होते,” मी म्हणाले. “पण आता तू माझी राखण करू नकोस. राखण करून माणूस जिवंत राहत नाही. माझ्याबरोबर चाल.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चालायला लागलो. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग मांबलम स्टेशनच्या जिन्यापर्यंत, मग जिना चढून पलीकडे. रेवा पुढच्या महिन्यात पुदुच्चेरीला जाऊन आली.

क्लिनिकमध्येही गेले. अनिल येऊन भांडणार होता, त्याला घरी बसवलं. सीटीचा कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढला.

“तुम्ही पायाबद्दल बोलला नव्हता.”

“नव्हते. तुम्ही विचारलं नव्हतं. दोघांची चूक आहे. पण माझ्या वयाची पुढची बाई आली तर ती बोलेल याची खात्री नाही. तुम्ही विचारा.”

माफी त्यांनी मागितली नाही. चहा विचारला. मी घेतला नाही.

परत मोजलं

तीन महिन्यांनी एको झाला. डॉक्टर निर्मलांनी जुना सीटी आणि नवा एको शेजारी उघडले. दोन यंत्रं वेगळी, आकडे तसेच्या तसे जुळवता येत नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं. पण उजवा कप्पा आता डाव्यापेक्षा लहान होता आणि मधली भिंत आपल्या जागी परतली होती.

“मापात?” मी विचारलं.

“मापात.”

पाळीचा प्रश्न राहिलाच. जुन्या गोळ्या कायमच्या बंद. दुसरा उपाय चालू आहे, काही महिने बरे जातात, काही जात नाहीत. रक्त पातळ करायची गोळी अजून चालू आहे. कधी थांबवायची ते सहा महिन्यांनी बघू म्हणाल्या. जोरात चालल्यावर थोडी धाप अजून लागते. पूर्ण बरं झाल्याची गोष्ट सांगायला मला आवडलं असतं. माझी तशी नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. एक पाय सुजला, श्वास अचानक तोकडा पडला, तर ‘सहन होतंय’ म्हणून घरी थांबू नका. कुणी तुमच्याऐवजी तुमच्या नवऱ्याशी बोलायला लागलं तर त्या डॉक्टरला हाक मारा. चित्र बघायला मागा. समजलं नाही तर परत विचारा. आणि नर्सनं उठू नका म्हटलं तर, कृपा करून, उठू नका.

कामावर

कारखान्यात परतले तेव्हा मॅनेजर फार प्रेमानं बोलले. माझ्यासाठी कागदपत्रांच्या विभागात एसीतली खुर्ची तयार होती. “तुमच्याच भल्यासाठी, मॅडम.”

मी डॉक्टरांचं पत्र पुढं केलं. चालणं चांगलं, एका जागी तास-तास बसणं वाईट, असं त्यात स्पष्ट होतं. “तुम्ही मला आजारी पाडायच्या खुर्चीत बसवताय,” मी म्हणाले. त्यांनी पत्र वाचलं, डोकं खाजवलं आणि मला माझं टेबल परत मिळालं.

पहिल्या आठवड्यातच सकाळच्या मीटिंगमध्ये मी माझ्या तोडक्यामोडक्या तमिळमध्ये दोन मिनिटं बोलले. सुजलेला पाय, तोकडा श्वास, थांबू नका. पोरी माझ्या उच्चारांना हसल्या. हसू दे.

चार दिवसांनी असेंब्लीवरची सेल्वी डब्याच्या सुट्टीत आली. नुकतीच बाळंतपणानंतर कामावर आलेली. इकडंतिकडं बघून तिनं सलवार वर केली. उजवी पोटरी सुजलेली होती.

“श्वास?”

“कधी कधी लागतो, मॅडम. शिफ्ट संपली की जाऊन दाखवते.”

“आत्ता.”

सुपरवायझर म्हणाला, लाइनला माणूस कमी आहे. मी तिची जागा लाइनवर कोण घेईल ते त्यालाच ठरवायला सांगितलं आणि कंपनीच्या गाडीतून तिला घेऊन निघाले. हॉस्पिटलात ती माझा हात सोडत नव्हती. पायाची सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. तास गेला, दोन गेले. मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, गाठ नाही. स्नायू दुखावलाय, अंगात रक्त कमी आहे, गोळ्या देतो.

सेल्वी लाजून अर्धी झाली. “सॉरी मॅडम. उगाच तुमची…”

“सॉरी कशाला?”

आम्ही परतलो तेव्हा मॅनेजर गेटच्या आतच उभे होते. घड्याळाकडे बघत म्हणाले, “मॅडम, अर्धी शिफ्ट गेली, गाडी गेली. आणि निघालं काय? काहीच नाही.”

“हो,” मी म्हणाले. “असंच निघायला पाहिजे.”

“आणि उद्या दुसरी कुणी आली तर?”

“तर तिलाही नेणार,” मी म्हणाले, आणि सेल्वीला आधी कॅन्टीनमध्ये जेवायला पाठवलं.